रंभाबाईचा उजवा खांदा

रंभाबाई तितिरमारेवर काही लिहावं इतकी माझी तिची ओळख नव्हती. तुमसरला राइस मिलच्या रस्त्यावर एका कापड दुकानाच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन होतं आणि ती माझ्याकडे पोलकी शिवायला टाकायची. माप म्हणून जुनं पोलकं आणायची, "याच्यासारखंच" म्हणायची आणि चालू लागायची. तिचं माहेर नेमकं कोणतं, भावंडं किती, तिला कशाचं हसू यायचं आणि कशाचं रडू, यातलं मला फार थोडं माहीत आहे. सिहोऱ्याच्या बाजूची होती, एवढं ऐकलं. बाकी जे सांगतो ते थोडं तिच्या तोंडचं, थोडं तिच्या नवऱ्याच्या आणि बरंचसं बेबीबाईच्या तोंडचं. बेबीबाई ही तिची मिलमधली जोडीदारीण. ती बोलायला लागली की मला मशीन बंद ठेवावं लागे. सांगण्यात काही इकडचं तिकडे झालं असेल तर ते माझं समजावं.

मिलमध्ये रंभाबाईचं काम पाखडायचं. यंत्रातून तांदूळ पडायचा तो कोंडा आणि कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, यांच्यासकट. शेडमध्ये बाया समोरासमोर बसायच्या आणि सुपं चालायची. सूप हे दिसायला हलकं, पण दिवसभर चालवायचं तर सगळं खांद्यावर येतं. रंभाबाईचं सूप असं चालायचं की कोंडा उडून पुढे जायचा, कनकी सुपाच्या तोंडाशी यायची आणि सबंध तांदूळ मागे तिच्या पोटाशी गोळा व्हायचा. बेबीबाई म्हणायची, "डोये मिटून पाखडते हे. झोपली तरी सूप चालते."

त्या वर्षी आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, पण नसबंदीच्या दिवसांतलं सुईचं भय उठलं नव्हतं. पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांत हगवण-ओकारीची साथ आली. मिलचे मालक भैय्याजी घाबरले. माणसं आजारी पडली तर मिल बंद पडणार. त्यांनी एका खासगी डॉक्टरांना सांगून हैज्याच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, सुया मागवल्या आणि फाटकाशी उभं राहून जाहीर केलं, "सुई नाही तर काम नाही. जो टोचून घेईल, त्यालाच उद्या फाटक उघडेल." हे ऐकताच अर्धे गडी कोंड्याच्या खोलीत जाऊन लपले. सुई हातात टोचतात आणि परिणाम भलतीकडेच होतो, असं त्यांना वाटत होतं. मुकादम पुंडलिकरावांनी त्यांना एकेक करून बाहेर काढलं, तेव्हा ते पिठाच्या बाहुल्यांसारखे दिसत होते.

टोचायला डॉक्टरांचा कंपाउंडर आला होता, इश्वर. विशीतला पोरगा. त्याची आई रंभाबाईच्या माहेराकडची, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा. कडुनिंबाखाली टेबल, टेबलावर स्टोव्ह, स्टोव्हवर उकळत्या पाण्यात सुया. रांग लांब आणि वर आभाळ भरलेलं.

"मावशी, बाही वर कर."

रंभाबाईच्या पोलक्याची बाही कोपरापर्यंत आणि घट्ट. तेव्हा तशीच शिवत होतो आम्ही. तिने बाही कशीबशी सरकवली आणि थांबली. तिच्या दोन्ही दंडांवर गोंदण होतं. लहानपणी आईने जत्रेत बसवून गोंदवून घेतलेलं. सोनंनाणं, लुगडी, भांडीकुंडी सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं आमच्याकडे जुन्या बाया मानायच्या. आई तर केव्हाच गेलेली. तिची म्हणून रंभाबाईजवळ दुसरी कोणती वस्तू नव्हती.

"इथं नोको टोचू, बाप्पा. तुळस हाये. भोक पडन तिले."

"अवो मावशी, सुई बारीक असते. तुळस काही मरत नाही."

"तुही सुई बारीक, पण वर गेल्यावर मायले मी काय दाखवू? वरतं टोच."

डाव्या हातावर गोंदण पार खांद्यापर्यंत चढलेलं. उजव्यावर तेवढी वर जागा मोकळी होती. म्हणून तिने कामाचा उजवा हात पुढे केला, पोलक्याचा गळा ओढून खांदा उघडा केला आणि खांद्याच्या अगदी टोकावर, हाडाजवळ, बोट ठेवलं. "हे पाह्य, इथं."

"तिथं हाड हाये, मावशी. मांसात टोचा लागते."

मागून बेबीबाई ओरडली, "टोच रे बाबा तिच्या म्हणण्यानं! नाही तं पाऊस येईन आन् मंग सगळ्याइले भिजत टोचशील."

रांग हसली. इश्वरही हसला. आणि रंभाबाईचं बोट जिथं होतं तिथं त्याने सुई खुपसली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच दंड सुजले. कोणाला ताप, कोणाची काख दुखली. चार-आठ दिवसांत सगळे बरे झाले. रंभाबाईचा हात मात्र दिवसेंदिवस जड होत गेला. आधी नुसतं दुखायचं, मग हात छातीच्या वर जाईना. पाण्याची घागर डोक्यावर चढेना. वेणी घालायला हात मागे नेला की डोळ्यांसमोर काजवे चमकत. मोहाच्या तेलाने चोळून झालं, शेकून झालं, हाड बसवणाऱ्याने दोनदा ओढून पाहिलं आणि दोन्ही वेळा तिच्या ओरडण्याने त्याचीच म्हैस दावं तोडून पळाली, असं बेबीबाई सांगायची. म्हशीचं खरं-खोटं तिलाच ठाऊक.

नवरा तुलाराम धान्यबाजारात हमाल. एकुलती मुलगी सत्यवती लग्न होऊन लाखनीला गेलेली. घरात दोघंच. तेव्हा सकाळी दार लोटून घेऊन तुलाराम बायकोची वेणी घालायचा.

"अवो, कसून राहिले की ओढून राहिले?"

"सत्यवतीची माय, मले दाभणानं पोतं शिवता येते. वेणीचं शिकून राहिलो. गप बस."

"पोत्यावानीच बांधून राहिले."

"मंग? मायच्या तुळशीसाठी खांदा देल्ला तू. आता पोत्यावानी वेणी तं पोत्यावानी."

शेजारणीने एकदा फटीतून पाहिलं आणि गल्लीभर झालं. तुलारामाला बाजारातले हमाल 'वेणीवाले' म्हणू लागले. त्याने सकाळचं दार लोटणंच सोडून दिलं. आता अंगणातच वेणी घालू लागला. पाहायचं त्यांनी पाहावं.

मिलमध्ये रंभाबाई सूप धरायची, पण एका बाजूने उचललं जायचं नाही. पुंडलिकराव कडक असले तरी वाईट नव्हते. त्यांनी बरेच दिवस पाहून न पाहिल्यासारखं केलं. शेवटी म्हणाले, "बाई, तुह्या सुपातला तांदूळ शेजारणीच्या मांडीवर जाऊन राहिला. हात चांगला होऊ दे, मंग ये." हंगामात मिलमधून असं परत जाणं म्हणजे काय, हे तिला सांगायला नको होतं. पाखडणं सोडून दुसरं काम तिला येत नव्हतं असं नाही. रोवणी, कापणी, सगळं येत होतं. पण त्या प्रत्येक कामाला खांदा लागतो.

मिल मजुरांच्या युनियनचे श्यामराव सायकलवर हिंडायचे. त्यांच्या कानावर गोष्ट गेली. ते रंभाबाईच्या अंगणात येऊन बाजेवर बसले.

"सुई कोणाच्या हुकमानं घेतली? मिलच्या. कुठं घेतली? मिलच्या आवारात. कायदा आहे बाई, भरपाई भेटते. आपण अर्ज करू. फक्त एक ध्यानात ठेव. वर टोच असं तू सांगितलं, हे तोंडातून काढायचं नाही. कंपाउंडरनं मनानं टोचलं, तुले काही माहीत नाही. स्वतःहून सांगितलं असं निघालं तर केस तिथंच बसली म्हणून समज."

रंभाबाईने मान हलवली. अर्ज गेला. सरकारी दवाखान्यात तपासणीला बोलावलं. तिथल्या डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला आणि सांगितलं की औषध मांसात जायचं ते वर सांध्यात गेलं, म्हणून सांधा आखडला. मालिश बंद. रोज भिंतीपुढे उभं राहायचं आणि भिंतीवरून बोटं मुंगळ्यासारखी वर चढवायची, दुखलं तरी. हळूहळू सुटेल. किती सुटेल ते त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं चालू असताना एक दिवस इश्वर दारात येऊन उभा राहिला. रंभाबाई भिंतीपुढेच होती.

"ये ना रे. उभा काहून?"

"मावशी, डॉक्टरसाहेब म्हणून राहिले, केस अंगावर आली तं घरी बस. मी त्याइले सांगतलं, मावशीनंच वर टोच म्हणलं. तं म्हणते, थे बाई कबूल करन का?"

"मी म्हणलीच होती."

"पण तू थे सांगतलं तं तुही केस जाते म्हणतात."

"हो, श्यामरावही तसेच म्हणतात."

"आन् नाही सांगतलं तं माही नोकरी जाते."

तिने डाव्या हाताने चहा केला. त्याने तो बशीत ओतून प्यायला आणि कप विसळून पालथा घातला. जाताना म्हणाला, "खांदा सुटून राहिला का थोडा?" ती म्हणाली, "सुटन."

तिने तुलारामाला विचारलं. तो म्हणाला, "मले काय विचारते? मी वेणी घालणारा माणूस." मग बराच वेळ केस विंचरत राहिला. "पोरगा तुले हाड हाये म्हणला होता ना?"

"म्हणला होता."

"मंग?"

"मंग काय?"

"मंग काही नाही. हालू नोको. भांग वाकडा होते."

तारीख लागली ती पुढच्या पावसाळ्यात. त्या दिवशी भंडाऱ्याच्या बसमध्ये तुलाराम तिच्या शेजारी होता आणि श्यामराव मागच्या बाकावर बसून सारखे पढवत होते. वकील असं विचारेल, तू असं सांग. रंभाबाई खिडकीतून धानाचे बांध पाहत होती. रोवणी झालेली होती आणि तिला ती करता आली नव्हती. हात कायमचा असाच राहिला आणि केसही गेली, तर तुलारामाने किती वर्षं पोती उचलायची? तोही आता वाकत चालला होता. खोटं एवढुसं होतं. न बोलण्याचंच तर खोटं. बस वरठीला थांबली तेव्हा तिने ठरवलं की गप्प राहायचं. भंडारा आलं तेव्हा ते पुन्हा ठरवावं लागलं.

भरपाईची केस ऐकणारे कचेरीतले साहेब बारीक अंगाचे, चष्म्यावरून पाहणारे. मिलकडून केशवराव वकील आले होते, शेजारी खुद्द भैय्याजी. दाराजवळच्या बाकड्यावर इश्वर रुमालाला पीळ घालत बसला होता. डॉक्टरांचा कागद वाचून झाला. मग केशवराव उभे राहिले.

"बाई, सुई खांद्यावर इतकी वर टोचायची हे कोणी ठरवलं?"

श्यामरावांनी खोकून दाखवलं. रंभाबाईने इश्वरकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता.

"मीनं सांगतलं," ती म्हणाली. "पोरगा नाहीच म्हणत होता. हाड हाये म्हणे. मीनंच बोट ठेवलं."

श्यामरावांनी डोळे मिटले. केशवराव साहेबांकडे वळून म्हणाले, "झालं, साहेब. अर्जदारानेच कबूल केलं."

साहेबांनी चष्मा वर केला. "का हो सांगितलंत असं?"

"गोंदण हाये, साहेब. माह्या मायनं देल्लं."

"बघू."

तिने डाव्या हाताने बाही सरकवली. साहेब टेबलावरून पुढे झुकले. "ही तुळस. आणि हे काय?"

"इचू हाये."

"विंचू कशाला?"

"मले काय माहीत, साहेब. मी लहान होती, रडून राहिली होती."

साहेब हसले. तिलाही हसू आलं, आणि या जागी हसावं की नाही हे न कळून तिने पदर तोंडाला लावला.

"बरं, आता सांगा. सुई घेतलीच नसती तर?"

"फाटक नसतं उघडलं. सुई नाही तं काम नाही, असं शेठजी म्हणले होते."

"केशवराव, असं म्हणाले होते का तुमचे पक्षकार?"

केशवराव तोंड उघडणार तोच भैय्याजी उठले. "म्हणालो ना! सबको बोला मैंने, फाटक पे खड़ा रहके! हैजा शिरला असता तर मिल बंद झाली असती, साहेब. सगळ्यांच्या भल्यासाठी बोललो. त्यात काय चुकलं?"

केशवराव त्यांचा कोट खाली ओढत होते, पण भैय्याजी सगळं बोलूनच बसले.

"काहीच चुकलं नाही," साहेब म्हणाले. "चांगलं केलंत. आणि वकीलसाहेब, चूक कोणाची हे मी विचारतच नाहीये. या कायद्यात ते विचारायचं नसतं. इजा कामापायी झाली का, एवढंच मला पाहायचं आहे. सुई कामापायी घेतली, हे तुमच्या शेठजींनीच सांगितलं. आता ती वर टोचली की खाली, हा या बाईंच्या आणि त्यांच्या आईच्या मधला प्रश्न आहे. माझा नाही."

रंभाबाईला एवढंच कळलं की साहेब रागावलेले नाहीत. तिने मागे वळून हळूच विचारलं, "हारलो का आपण?"

"जिंकलो, बाई," श्यामराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा आश्चर्यच जास्त होतं.

"आन् इश्वर?"

ते साहेबांनी ऐकलं. "त्या मुलाचं काय?"

"त्याची नोकरी, साहेब. त्याचे डॉक्टर घरी बसवतो म्हणतात."

"त्याच्यावर मी काही ठपका ठेवलेला नाही. तसं कोणी म्हणालं तर निकालाच्या कागदाची नक्कल घेऊन जा आणि दाखवा." मग इश्वरकडे पाहून म्हणाले, "पण पुढच्या वेळी हाड असेल तिथं टोचू नकोस. कोणीही बोट ठेवलं तरी."

इश्वरने इतक्या जोरात मान हलवली की रुमाल खाली पडला.

बाहेर येऊन सगळे बसस्टँडजवळच्या टपरीवर गेले. इश्वरने सगळ्यांना आलुबोंडे सांगितले. पैसे कोणी द्यायचे यावरून तो आणि तुलाराम चांगलेच भांडले. श्यामराव मात्र खाता खाता मधेच थांबत होते.

"मले वाटलं होतं, चूक निघाली की केस गेली."

"तुमचाच कायदा, अन् तुमालेच ठाव नाही?" रंभाबाई म्हणाली.

"कायदा मोठा आहे बाई. पूर्ण कोण वाचते?"

"मले बसभर खोटं शिकवत आणलं, बापा! माहा जीव नुसता खाली-वर."

"चुकलं. अजून एक आलुबोंडा घे."

तिने घेतला. त्या दिवशी तिला पोटातून भूक लागली होती. कितीतरी दिवसांत तशी लागली नव्हती, हे तिने मला स्वतः सांगितलं. तिच्या तोंडून ऐकलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक.

भरपाई किती मिळाली ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी घरावर नवी कवेलू, म्हणजे कौलं, चढली, ती येता-जाता दिसायची. भैय्याजींनी राग धरला नाही. उलट मिलमध्ये जो भेटेल त्याला ते सांगायचे की साहेबांनी मला 'चांगलं केलंत' म्हटलं. खांदा सुटेपर्यंत त्यांनी रंभाबाईला खडे निवडायला बसवलं. इश्वरची नोकरीही टिकली. तो मध्येच येऊन विचारायचा, "मावशी, किती चढला मुंगळा?" घराच्या आतल्या भिंतीवर तिच्या बोटांनी एक मळकट वाट पडली होती. ती वाट महिन्यागणिक वर सरकत होती. आधी छातीइतकी, मग हनुवटीइतकी, मग कपाळाइतकी. एक दिवस बेबीबाई माझ्याकडे धावत आली, मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं आणि म्हणाली, "भाऊ, रंभानं आज आपली वेणी आपणच घातली!"

संध्याकाळी तुलाराम पानठेल्यावर दिसला. मी म्हटलं, "ऐकलं मी."

तो म्हणाला, "माही नोकरी गेली, भाऊ." आणि इतका हसला की त्याला सुपारीचा ठसका लागला.

सूप मात्र पूर्वीसारखं चाललं नाही. अर्धा दिवस चालायचं, मग खांदा बोलू लागायचा. तेवढं राहिलंच. तिने त्याचं कधी काही वाटून घेतलं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. मनात काय होतं ते मी कसं सांगू? पुढे पाच-सहा वर्षांनी तुलारामचे गुडघे गेले आणि सत्यवतीने दोघांना लाखनीला बोलावून घेतलं. तिथे हायवेवर जावयाचं टायरचं दुकान होतं. रंभाबाई तिथेच वारली, हे मला खूप उशिरा कळलं.

ती तुमसर सोडून लाखनीला निघाली त्या दिवशी मी बसस्टँडवर दोऱ्याचं पार्सल घ्यायला गेलो होतो. लाखनीकडची बस लागली होती. आत तुलाराम काठी धरून बसलेला आणि खिडकीशी ती. खिडकीची काच अडकली होती.

मी म्हणालो, "कंडक्टरला सांगू का, बाई?"

तिने उजव्या हाताने काच वर ढकलली. ती करकरत सरकली.

"झाली ना, भाऊ."

"ऊन लागेल त्या बाजूने."

"लागू द्या. हवा तं येईन."

"बरं," मी म्हणालो.